चातुर्मासाचा नेम आणि घरची काठवट

माझी आई दर वर्षी आषाढी एकादशीला एक नेम धरत असे. एखाद्या वर्षी चार महिने वांगे वर्ज्य, एखाद्या वर्षी पानावर जेवण, एखाद्या वर्षी एकभुक्त. मला सर्वांत स्पष्ट आठवतो तो तिचा मुक्याने जेवण्याचा नेम. ताटावर बसल्यापासून हात धुईपर्यंत ती एक शब्दही बोलत नसे आणि मीठ हवे असेल तर बोटांनी खूण करत असे. कार्तिकी एकादशी झाली की नेमाचे उद्यापन होई. त्या वर्षी तिने मंगळवेढे तालुक्यातल्या आमच्या गावच्या मारुतीला पितळी घंटा दिली होती आणि ती घंटा आजही तिथे आहे. लहानपणी मला या सगळ्यात केवळ धार्मिक आचार दिसत असे. स्वतःला काहीतरी वळण लावण्याची ती किती विचारपूर्वक बांधलेली पद्धत आहे, हे कळायला मला वयाची ४६ वर्षे जावी लागली.

कारण साधे होते. २०२४ च्या मे महिन्यात केलेल्या रक्ततपासणीत माझी एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांतली साखरेची सरासरी सांगणारी चाचणी, ६.१ टक्के आली. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाच्या उंबरठ्यावरचा पट्टा मानतात. डॉक्टरांनी औषध लिहून दिले नाही. त्यांनी सांगितले, की दोन आठवडे जे जे तोंडात जाईल ते वेळेसकट वहीत लिहा आणि मग माझ्याकडे या. मी प्रामाणिकपणे लिहिले. चौदा दिवसांत ३१ वेळा मी पाकिटातून काढलेले काही ना काही खाल्ले होते: चहाबरोबर बिस्किटे, कार्यालयात पाच वाजता फिरणारे फरसाण, रात्री उशीर झाला म्हणून झटपट शेवया. त्या नोंदींपैकी बहुतेक संध्याकाळी पाच ते आठ या वेळेतल्या होत्या. डोंबिवलीहून मुंबईला रोज जाऊन-येऊन करणाऱ्या माणसाला त्या तीन तासांची भूक कशी असते, हे वेगळे सांगायला नको. पण भुकेपेक्षाही अधिक वाईट वाटले ते याचे, की ज्या घरात कणगीभर ज्वारी असे त्या घरात वाढलेल्या माझ्या वहीत चौदा दिवसांत भाकरी फक्त एकदा आली होती, आणि तीही एका ढाब्यावरची.

यापूर्वी मी चांगले खाण्याचे ठरवले नव्हते असे नाही. जवळजवळ दर वर्षी ठरवत होतो. ‘यापुढे बाहेरचे खायचे नाही’ असे मनाशी म्हणायचे आणि आठ-दहा दिवसांत ते विरून जायचे. पूजेला बसल्यावर गुरुजी जो संकल्प म्हणवून घेतात त्याकडे मी नीट लक्ष दिले तेव्हा माझ्या ठरवण्यात काय कमी होते ते समजले. त्या संकल्पात आधी स्थळ येते, गोदावरीच्या कोणत्या तीरावर आपण बसलो आहोत तेही सांगितले जाते. मग शक, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी आणि वार. मग करणाऱ्याचे गोत्र आणि नाव, आणि त्यानंतर कोठे आपण काय करणार आहोत ते. हे सर्व उच्चारून झाल्यावर हातावरून पाणी ताम्हनात सोडायचे. ‘संकल्प सोडणे’ म्हणजे मराठीत संकल्प करणेच, आणि तेच शब्द टाकून देण्यासाठीही वापरता येतात. माझ्या ‘यापुढे’ला ना तिथी होती, ना स्थळ, ना शेवट. ज्याला शेवट नाही त्याचे उद्यापनही नसते, आणि उद्यापन नसलेला नेम मोडला तरी तो नेमका कोणत्या दिवशी मोडला हे कुणाला सांगता येत नाही.

म्हणून मी शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरातला चातुर्मास धरला. १७ जुलैच्या आषाढी एकादशीपासून १२ नोव्हेंबरच्या कार्तिकी एकादशीपर्यंत, दोन्ही दिवस धरून ११९ दिवस. मला धार्मिक फळ हवे होते असे मी म्हणणार नाही. मला आईच्या नेमाचा साचा हवा होता.

पहिला नेम ठरवला तो आठवड्यातून पाच रात्री भाकरी खाण्याचा. हे मी मोठ्या उत्साहाने पत्नीला सांगितले, तेव्हा तिने शांतपणे विचारले, “नेम तुझा, पण भाकरी थापायची कोणी?” तीही नोकरी करते आणि माझ्यानंतर अर्ध्या तासाने घरी पोचते. तिच्या त्या प्रश्नाने माझा संपूर्ण बेत बदलला. नैसर्गिक अन्नाबद्दल पुरुषांनी केलेली बहुतेक भाषणे घरातल्या बाईच्या हातावर उभी असतात. निवडणे, भिजवणे, मोड आणणे, दळून आणणे, थापणे हे सगळे पाकिटाने वाचवलेले श्रम आहेत, आणि पाकीट बंद केले की ते श्रम कुणाच्या तरी अंगावर परत येतात. ते दुसऱ्याच्या अंगावर टाकून मी जो नेम करीन तो माझा नसेल. तेव्हा नेमाचे शब्द मी बदलले: आठवड्यातून पाच रात्री घरातल्या तिघांसाठीही मी स्वतः भाकरी करीन.

मला भाकरी येत नव्हती. आईने गावाहून मालदांडी ज्वारी आणि तिची जुनी काठवट, म्हणजे पीठ मळायची लाकडी परात, पाठवली. मंगळवेढ्याला ज्वारीचे कोठार म्हणतात आणि तिथल्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. काळ्या खोल जमिनीत पावसाळ्याच्या अखेरीस पेरलेले हे रब्बीचे पीक बहुतांशी जमिनीत मुरलेल्या ओलीवरच वाढते. अशी ज्वारी घरात असूनही पहिले दहा-बारा दिवस माझ्या भाकऱ्या थापतानाच चिरत होत्या. तव्यावर टाकेपर्यंत त्यांचे दोन तुकडे होत. आईला फोन केला तर तिने पहिला प्रश्न विचारला, “दळण कधीचं आहे?” मी तीन आठवड्यांपूर्वीचे म्हटल्यावर ती म्हणाली, “आरं, मग त्या पिठाची विरी गेलीय. आठ दिवसांचंच दळत जा.”

विरी हा शब्द मी विसरून गेलो होतो. ज्वारीत गव्हासारखे ग्लुटेन नसते, त्यामुळे तिचे पीठ नुसत्या पाण्याने ओढून धरत नाही. उकळते आधणाचे पाणी घातले की पिठातले पिष्ट काही अंशी शिजते, चिकट होते आणि तेच उंड्याला बांधून ठेवते. जुन्या पिठाला हा चिकटपणा येत नाही. हे कारण मी नंतर वाचले, पण आईच्या एका शब्दात ते सगळे आधीच होते. ताजे पीठ, आधण, आणि तळहाताच्या टाचेने पुरेसा वेळ मळणे एवढे जमल्यावर तिसऱ्या आठवड्यात भाकरी काठवटीत गोल फिरू लागली. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाणी कधी फिरवायचे, ते सुकत आले की नेमके केव्हा उलटायचे, आणि मग आचेवर धरल्यावर पापुद्रा कसा सुटतो, हे मला शब्दांत सांगता येणार नाही. ते हातालाच कळते. ज्या रात्री पहिली भाकरी टम्म फुगली त्या रात्रीची नोंद माझ्या वहीत आहे: ९ ऑगस्ट, शुक्रवार.

ज्वारीला मी औषध मानत नाही. ज्वारी आणि कोंड्यासकट दळलेला गहू यांच्या तंतुमयतेत फार अंतर नाही, त्यामुळे घरच्या जाड कणकेची पोळी खाणाऱ्याने तिला कमी लेखण्याचे कारण नाही. संयुक्त राष्ट्रसंघाने भारताच्या प्रस्तावावरून २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले, त्यानंतर ज्वारी, बाजरी, नाचणी यांच्याबद्दल बरेच काही अवाजवीही बोलले गेले. मला भाकरीचा फायदा झाला तो दुसऱ्याच बाजूने. भाकरीबरोबर ताटात जे येते ते आपोआप बदलते: कारळ्याची किंवा जवसाची चटणी, ताक, पालेभाजी, कुळथाचे पिठले, कच्चा कांदा. शिवाय भाकरी चावावी लागते. घाईघाईने ती खाताच येत नाही.

या चावण्याचा संबंध माझ्या दुसऱ्या नेमाशी आहे. ब्राझीलमधल्या साओ पाउलो विद्यापीठातील कार्लोस मोंतेइरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ पासून अन्नाचे जे वर्गीकरण मांडले, ते ‘नोवा’ या नावाने ओळखले जाते. त्यात अन्नाचे चार गट प्रक्रियेच्या स्वरूपावरून केले आहेत, आणि चौथा गट आहे अतिप्रक्रिया केलेल्या औद्योगिक पदार्थांचा. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी वीस जणांना चार आठवडे रुग्णालयात ठेवून केलेला प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेले अन्न आणि दोन आठवडे साधे अन्न. पुढे ठेवलेल्या अन्नातले उष्मांक, साखर, स्निग्धांश, तंतू आणि मीठ दोन्ही वेळा सारखे ठेवले होते आणि हवे तेवढे खाण्याची मोकळीक होती. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नाच्या दिवसांत त्याच माणसांनी रोज सुमारे ५०० किलोकॅलरी अधिक खाल्ल्या, भरभर खाल्ले, आणि दोन आठवड्यांत त्यांचे वजन सरासरी ०.९ किलोने वाढले. प्रयोग लहान आहे हे खरे, पण माझ्या वहीतल्या संध्याकाळच्या नोंदी वाचून मला तो परका वाटला नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. ‘प्रक्रिया’ हा शब्द ऐकून आपण घाबरण्याचे कारण नाही. विरजण लावणे, आंबील आंबवणे, सांडगे-कुरडया वाळवणे, कैरीचे लोणचे घालणे, घाण्यावर शेंगदाण्याचे तेल काढणे, या सर्व प्रक्रियाच आहेत आणि त्यांच्यावाचून आपले स्वयंपाकघर उभेच राहिले नसते. मला वेगळे काढायचे होते ते असे पदार्थ, ज्यांत मूळ धान्य किंवा फळ ओळखूही येत नाही. म्हणून दुसऱ्या नेमाचे शब्द मी असे ठरवले, की ज्या पाकिटावरच्या घटकांच्या यादीत आमच्या घरातल्या कोणत्याही डब्यात न सापडणारे नाव असेल, ते मी या ११९ दिवसांत विकत आणणार नाही. एवढ्या एका वाक्याने दुकानातला निर्णय सोपा झाला. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते, हे ज्याला माहीत आहे त्याला पाकिटाची मागची बाजू पुष्कळ काही सांगते. पुढे नाचणीच्या कणसाचे चित्र असलेल्या एका बिस्किटाच्या पुड्यावर मागे पहिले नाव मैद्याचे होते, दुसरे साखरेचे, मग पामतेल, आणि नाचणी त्यांच्याही नंतर. मैदा तिथे अनेकदा ‘रिफाइंड व्हीट फ्लोअर’ अशा भारदस्त नावाने येतो. ही यादी चष्मा लावूनही वाचता येऊ नये इतक्या बारीक अक्षरांत छापली जाते, याचा मला मनापासून राग येतो.

संध्याकाळच्या भुकेसाठी मी डबा नेऊ लागलो. फुटाणे, भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचा खडा, कधी उकडलेले रताळे, कधी पेरू. पहिला आठवडा अवघड गेला, त्यानंतर नाही.

भाकरीबरोबर भाजी कोणती, हा प्रश्न मात्र मला दर रविवारी बाजारात घेऊन गेला, आणि या चार महिन्यांतले माझे सर्वांत मोठे शिक्षण तिथे झाले. पावसाळ्यात शहापूर-मुरबाडकडच्या आदिवासी बाया पहाटेच्या लोकलने टोपल्या घेऊन ठाण्यापर्यंत येतात आणि स्टेशनाबाहेर गोणपाट पसरून बसतात. नेम सुरू होण्याच्या आधीच, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, मी त्यांच्यापैकी एकीकडे शेवळ या रानभाजीची जुडी मागितली. सोलापूरकडच्या माणसाला शेवळ ठाऊक नसते, मला फक्त ती नवी दिसली म्हणून हवी होती. मावशींनी जुडी हातात दिली नाही. त्या म्हणाल्या, “दादा, काकडं घेतल्याशिवाय शेवळं नेऊ नका. घसा धरेल.” आणि शेजारच्या पानावरची हिरवी आंबट फळे त्यांनी मोजून दिली. शेवळाचा कोणता भाग काढून टाकायचा, काकडांचा रस कधी घालायचा, किती शिजवायचे, हे त्यांनी दोनदा सांगितले आणि माझ्याकडून एकदा म्हणवून घेतले.

त्या दिवसापासून ‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ हे वाक्य मी वापरत नाही. शेवळात, अळवात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, आणि घशाला खाज सुटते ती त्यांच्यामुळे. अळवाला चिंच लागते आणि शेवळाला काकडे लागतात, हे पिढ्यान्‌पिढ्या स्वयंपाक करणाऱ्या बायकांनी शोधून जपलेले ज्ञान आहे. रानातली भाजी या ज्ञानासकटच घ्यावी लागते. भाजी राहिली आणि सांगणारी गेली तर ती भाजीही आपल्या उपयोगाची राहणार नाही. म्हणून मला वाटते, की या बायांशी दहा रुपयांसाठी घासाघीस करणे आपण थांबवावे. आपण तिथे जुडी घेतो तेव्हा शिकवणीही घेत असतो, आणि तिचे पैसे कुणी मागत नाही.

पुढच्या रविवारी टाकळा मिळाला, मग कुर्डू, फोडशी, भारंगी, आणि श्रावणात करटोली. टाकळा कोवळाच घ्यावा, भारंगीचा कडवटपणा उकडून पाणी काढल्यावर बेताचा होतो, आणि करटोलीला फार मसाला घालू नये, हे सगळे मला त्यांनीच सांगितले. ८ सप्टेंबरला ऋषिपंचमी होती. बैलाच्या श्रमाचे त्या दिवशी खायचे नाही म्हणून ऋषीच्या भाजीत नांगरटीवाचून, परसात वाढलेल्या भाज्या घालायच्या असा संकेत आहे. लहानपणी तेल-मसाल्याविना शिजवलेली ती भाजी मी नाक मुरडून खात असे. या वर्षी अळू, माठ, लाल भोपळा, पडवळ, सुरण आणि मक्याचे कणीस घालून ती मी स्वतः शिजवली आणि प्रत्येक भाजीची चव वेगळी लागली. जवळजवळ दोन महिने तिखट-खारट पाकिटे बंद असल्यामुळे जीभ बदलली असावी.

उपासाच्या दिवशी मी साबुदाणा टाळला. तो टॅपिओकाच्या कंदातून काढलेल्या पिष्टाचे गोळे करून तयार होतो, आणि त्यात पिष्टाखेरीज फारसे काही उरलेले नसते. भगर, राजगिरा आणि रताळे यांवर उपास अधिक समाधानाचा होतो, असा माझा अनुभव आहे.

तिसरा नेम आईचाच घेतला होता: रात्री मुक्याने जेवायचे. तो मी पाच दिवस पाळला. सहाव्या दिवशी माझी चौदा वर्षांची मुलगी म्हणाली, “बाबा, जेवताना बोलायचं नाही, तर मग आपण बोलायचं कधी?” आईच्या नेमाच्या काळी घरात दिवसभर माणसे एकमेकांना दिसत होती, आमच्याकडे ती फक्त रात्रीच्या ताटावर भेटतात. मी नेमाचे शब्द बदलले. तिघांचे फोन दुसऱ्या खोलीत आणि दूरचित्रवाणी बंद, बोलणे मात्र हवे तेवढे. नेम मध्येच बदलणे शास्त्राला धरून नसेल, पण घरातल्या मुलीला मुके करून माझे आरोग्य सुधारणार नव्हते.

नेम मोडलाही. सप्टेंबरच्या अखेरीस कार्यालयात हिशेब तपासणी होती, नऊ दिवस मी रात्री दहानंतर घरी पोचलो, आणि त्यांपैकी सहा दिवस स्टेशनावर उभ्याने जे मिळाले ते खाल्ले. वहीत ते सहाही दिवस लिहिले. पूर्वी एवढ्यावर मी सगळे सोडून दिले असते. या वेळी तारखा समोर होत्या, म्हणून मोडलेले सहा दिवस पुढे जोडले आणि कार्तिकी एकादशीऐवजी १८ नोव्हेंबरला नेम पुरा केला. दिवाळीचा फराळ आम्ही घरीच केला आणि तो मी खाल्ला. चकली आणि बेसनाचा लाडू माझ्या नेमाबाहेर कधीच नव्हते.

डिसेंबरात पुन्हा रक्त तपासले तेव्हा आकडा ५.८ आला. याच काळात मी स्टेशनापासून घरापर्यंत रिक्षाऐवजी पायी येऊ लागलो होतो आणि लवकर झोपू लागलो होतो, त्यामुळे श्रेय भाकरीचे किती हे मी सांगू शकत नाही आणि तसे सांगणारही नाही. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी औषधांबाबत आपल्या डॉक्टरांचेच ऐकावे.

उद्यापनासाठी आईला गावाहून बोलावले होते. त्या रात्री आई, पत्नी आणि मुलगी या तिघींची पाने आधी मांडली आणि मी तव्यावरून एकेक भाकरी थेट ताटात वाढत गेलो. आईने पहिली भाकरी मोडून पापुद्रा बघितला, काही न बोलता तीवर लोणी घातले आणि जेवू लागली. मी तिला विचारले, मुक्याने जेवतेस का? ती म्हणाली, “न्हाई, कडा जाड राहतीय अजून.”

पाकिटांचा नेम आता थोडा सैल केला आहे, महिन्यातून दोनदा मुलीच्या आवडीचे काही आणतो. फोन अजूनही दुसऱ्या खोलीत असतात. भाकरीचा नवा नेम भोगीपासून गुढीपाडव्यापर्यंत धरला आहे, आणि तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीने त्याला सुरुवात केली. बाजरीच्या पिठाला ज्वारीपेक्षाही लवकर कडवटपणा येतो, म्हणून तिचे दळण चार दिवसांपुरतेच आणतो. आजचे पीठ संपले आहे. गिरणी आठला बंद होते, तेव्हा येथेच थांबतो.